नावेच्या गाण्याचा तिसरा अंतरा

काळोखे मास्तरांनी मँडोलिनच्या पेटीचे खटके उघडले आणि त्याच वेळी मी माझी वही उघडली. त्यांचं लक्ष नव्हतं. भूपालचं होतं. त्याने माझ्याकडे बघून डोळे वटारले.

"पेठे, आज पाहुणे आहेत," तो हळूच म्हणाला. "वही मिट."

"मिटतो की," मी म्हणालो. "आधी ऐकू तर दे."

ही अठ्ठ्याऐंशी सालातली गोष्ट. सांगलीत वखारभागात भूपाल मगदूमचं हळदीचं गोदाम होतं आणि त्याच्यावर एक लांबट खोली. दर रविवारी सकाळी दहाला आम्ही पंधरा-वीस जण तिथे जुन्या हिंदी सिनेमांच्या तबकड्या ऐकायला जमत असू. खालून हळद इतकी उडायची की घरी गेल्यावर बायको विचारायची, दर रविवारी कुणाच्या हळदीला जाऊन येता म्हणून.

मंडळाचा नियम एकच होता आणि तो मीच केलेला होता: आधी नंबर, मग बात. जुन्या तबकडीवर लेबलाला लागून, आतल्या कडेला, एक बारीक नंबर कोरलेला असतो. तो वाचता आला की तबकडी कधी भरली गेली ते महिन्यापर्यंत सांगता येतं. कुणीही उठून "हे गाणं अमक्याने केलं, तमक्याने चोरलं" अशी पुडी सोडायची नाही. सोडलीच, तर समोरचा विचारणार, "नंबर?" आणि नंबर नसेल तर सोडणाऱ्याने गुपचूप खाली बसायचं. मी टेलिफोन खात्यात ट्रंक बुकिंगला. नंबर माझ्या डोक्यात डिंकासारखे चिकटायचे. लोक मला नंबरवाले पेठे म्हणत आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

खोलीत दोन बाजू होत्या. खिडकीकडचे आम्ही, इंद्रजित बागचींचे. जिन्याकडचे शरच्चंद्र केंकऱ्यांचे. पन्नास ते साठ या दहा वर्षांत हिंदी सिनेमाच्या संगीतावर या दोघांचं राज्य होतं, आणि दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत असं तेव्हाची सिनेमाची मासिकं छापायची. ते दोघं बोलत होते की नाही देव जाणे, पण त्यांच्यापायी आम्ही मात्र भांडत होतो. मी आणि भूपाल शाळेपासूनचे मित्र. एका ताटात जेवलेले. या एका बाबतीत मात्र साप आणि मुंगूस.

भूपालचं म्हणणं, केंकरे मोठे कारण ते नम्र. "तुझा बागची बघ की. एक तरी फोटो दाखव बसलेला. रेकॉर्डिंगला पन्नास वाजवणारे खाली बसलेत आणि हा बाबा सगळ्यांच्या डोक्यावर उभा. गर्व, दुसरं काय?" मी म्हणायचो, त्याला गर्व नाही, तळमळ म्हणतात. असं वर्षानुवर्षं चालायचं.

त्यातच भूपालची एक लाडकी कथा होती. 'पनघट के पार' या सिनेमात बागचींचं एक गाणं आहे, नायिका एकटी नावेत बसून म्हणते ते. आम्ही त्याला नावेचं गाणं म्हणत असू. बागची आजारी पडले तेव्हा त्या गाण्यातलं अर्धं काम केंकऱ्यांनी केलं, नावही लावू दिलं नाही, आणि बागचींनी बरं झाल्यावर साधे आभारसुद्धा मानले नाहीत, असं भूपाल सांगायचा. मी विचारायचो, "नंबर?" भूपाल खाली बसायचा.

पण मला ते लागायचं. नावेचं गाणं माझं होतं. तिसाव्या वर्षी टायफॉईडने दोन महिने अंथरुणावर होतो तेव्हा त्या एका तबकडीवर मी दिवस काढले होते. ते गाणं दुसऱ्याचं निघावं, आणि वर बागची कृतघ्न ठरावेत, हे मला सहन होण्यातलं नव्हतं.

आणि मग भूपालने साक्षीदारच शोधून काढला. मिशन हॉस्पिटलात मावशीला बघायला तो मिरजेला गेला होता. शेजारच्या खाटेपाशी एक म्हातारे गृहस्थ बसलेले, त्यांच्याशी बोलणं निघालं. योहान काळोखे. लहानपणी चर्चच्या बँडमध्ये वाजवायला शिकलेले, मग अठरा वर्षं मुंबईत स्टुडिओतून मँडोलिन वाजवत होते. हात कापायला लागला तसे परत आले. कुठल्याही तबकडीवर त्यांचं नाव नाही, कारण वाजवणाऱ्यांचं नाव कुणी छापतच नव्हतं. नावेच्या गाण्यात त्यांनी वाजवलं होतं.

"रविवारी आणतोय," भूपाल मला म्हणाला. "नंबर नंबर करतोस ना? आता जिता माणूस आणतो."

त्या रविवारी मास्तर जिना चढून आले तेव्हा बरोबर त्यांचा मुलगा होता. सुधीर. मिरज स्टेशनात पार्सल ऑफिसला. तीस-बत्तीसचा, गप्प चेहऱ्याचा माणूस. मास्तर धुतलेल्या कोटात होते आणि फार आनंदात.

"हा पहिल्यांदाच आलाय माझ्याबरोबर," ते सगळ्यांना सांगत होते. "घरात माझ्या मुंबईच्या गोष्टी फार झाल्यात. आता कुणी ऐकत नाही."

"पप्पा, पायरी बघा," सुधीर एवढंच म्हणाला आणि दाराजवळच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसला.

भूपालने टेबलावर शाल आणि नारळ आणून ठेवले होते. आधी मास्तर सांगणार, वाजवणार, आणि मग सत्कार.

"छप्पन साल," मास्तरांनी सुरुवात केली. "ऑगस्ट. बागचीदा हॉस्पिटलात. छातीचं दुखणं. पिक्चर तयार झालं होतं, पण डायरेक्टरनं ऐन वेळी नावेचा सीन लांबवला. म्हणजे गाण्याला आणखी एक अंतरा पाहिजे. प्रोड्यूसर रडकुंडीला आला. आणि एके दिवशी सकाळी केंकरेसाहेब आले. कुणी बोलावलं ते मला ठाऊक नाही. बागचीदांची खुर्ची होती, तिच्यात बसले नाहीत. दुसरी आणून दिली, तिच्यातही नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, उभे."

जिन्याकडची बाजू पुढे सरकली होती.

"एक टेक फार सुरेख झाला. सगळे खूश. साहेब म्हणाले, 'परत घ्या. यात मी दिसतोय.' मला म्हणाले, 'काळोखे, तुझा तुकडा सरळ कर. बागची एवढी वळणं घेत नाही.' मी सरळ केला. हा असा."

त्यांनी मँडोलिन उचललं. हात कापत होता. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. चार-पाच सेकंदांचा साधा, सरळ चढत जाणारा तुकडा. वाजवून झाल्यावर त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. दाराजवळ बघितलं, सुधीरकडे. सुधीरने हाताची घडी सोडली होती.

हे सगळं मला दिसत होतं. आज मी म्हणू शकत नाही की दिसलं नाही.

"मास्तर," मी उभा राहिलो, "महिना कोणता म्हणालात?"

"ऑगस्ट."

"भूपाल, तबकडी दे." मी ती उजेडात धरली, नंबर मोठ्याने वाचला आणि वहीतलं पान दाखवलं. "या नंबराच्या मागची तबकडी माझ्याकडे आहे, पुढचीही आहे. ही भरली गेली मार्च छप्पनमध्ये. बागची तेव्हा ठणठणीत होते."

"हो, तबकडी आधीच निघाली होती," मास्तर म्हणाले. "मी तेच सांगतोय. सिनेमासाठी नंतर..."

"सिनेमात कधीकधी जादा कडवं असतं, हे आम्हालाही माहीत आहे. म्हणून हीसुद्धा आणलीय." मी पिशवीतून सिनेमाची गाण्यांची चोपडी काढली. थिएटरात विकायचे ती; मला जुन्या बाजारात मिळाली होती. "यातही अंतरे दोनच."

"ती आधी छापली असेल."

"म्हणजे तबकडी आधी, चोपडी आधी. तिसरा अंतरा तेवढा नंतर, आणि तो एकट्या तुम्हालाच माहीत."

आमच्या बाजूला हशा पिकला. जिन्याकडचेही दोघं-तिघं हसले. मास्तर गोंधळून सगळ्यांकडे बघत होते.

"पिक्चर बघितलंय का तुमच्यापैकी कुणी?" त्यांनी विचारलं.

कुणी बघितलेलं नव्हतं. वीस-पंचवीस वर्षांत त्याची प्रिंट कुठे लागली नव्हती. आम्ही सिनेमाचे लोक नव्हतोच, तबकड्यांचे होतो.

"मी वाजवलंय हो ते," मास्तर म्हणाले.

"आणि आम्ही ऐकलंय, मास्तर. तीस वर्षं." मी वही मिटली. "तुकडा छान आहे. पण तो तबकडीवर नाही."

सुधीर उठला. "चला, पप्पा. दोनची ड्युटी आहे माझी."

मास्तर पेटी बंद करायला लागले. खटका काही केल्या बसेना. शेवटी सुधीरने तो बसवला, पेटी उचलली आणि त्यांच्या दंडाला धरलं. जिन्यावरून त्याचा आवाज वर आला. रागाचा नव्हता, हेच वाईट होतं. "बाहेर नका सांगत जाऊ, पप्पा. घरात सांगता तेवढं पुरे."

शाल टेबलावर तशीच राहिली. भूपालने नारळ उचलून पिशवीत टाकला. मग म्हणाला, "जिंकलास."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. त्या दिवशी जेवताना मी दोनदा भात घेतला.

आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. घरी कुणी आलं की मी तो प्रसंग रंगवून सांगायला लागलो. मास्तरांचा तो कापरा हात, दोनदा चुकणं, आणि तोंडाने तो तुकडा. लोक पोट धरून हसायचे.

तीनेक महिने गेले. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी बाजारात निघालो होतो. एका जुन्या थिएटराबाहेर छोटं पोस्टर होतं. सकाळच्या खेळाला 'पनघट के पार'. शुक्रवारी लागला होता आणि आमच्यापैकी एकाही पठ्ठ्याला पत्ता नव्हता. माझी पाळी दोनची. खेळ साडेदहाचा. तिकीट काढून आत बसलो.

सभागृहात वीसेक माणसं असतील. प्रिंट इतकी जुनी की पडद्यावर पाऊस पडत असल्यासारखं दिसत होतं. नावेचं गाणं सुरू झालं आणि मी ओठांत म्हणायला लागलो. पहिला अंतरा. दुसरा अंतरा. आता नाव काठाला लागणार म्हणून मी सावरून बसलो, तर नाव वळली. पुन्हा मधल्या धारेला गेली. आणि मँडोलिन वाजलं.

साधा, सरळ चढत जाणारा तुकडा. जसाच्या तसा.

मग तिसरा अंतरा. मी कान देऊन त्यात केंकरे शोधत होतो. सापडले नाहीत. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत बागचीच. आणि मास्तरांनी नेमकं तेच तर सांगितलं होतं. पुढे त्या सिनेमात काय झालं ते मला आजही सांगता येणार नाही.

दोन वाजता मी कामावर बसलो. समोर टेलिफोन, बाजूला टेलिफोन. रात्रीपर्यंत लोकांचे फोन जोडत होतो. भूपालचा नंबर पाठ होता. लावला नाही. मंगळवारीही लावला नाही. उद्या सांगू, असं मनाला सांगत होतो. खरं सांगतो, मनात दुसरंच होतं. गुरुवारी शेवटचा खेळ, शुक्रवारी पिक्चर बदलेल. एकदा प्रिंट गेली की कुणाला काय कळणार? एवढं हलकट मी माझ्या आयुष्यात दुसऱ्यांदा वागलो नाही.

मंगळवारी रात्री जेवण करून सुपारी कातरत बसलो होतो. नकळत तिसऱ्या अंतऱ्याआधीचा तो तुकडा गुणगुणत होतो.

"पुन्हा त्या मास्तरांची नक्कल का?" बायको आतून म्हणाली. "पुरे की आता. म्हातारा माणूस आहे तो."

मी अडकित्ता खाली ठेवला. तो तुकडा सिनेमात ऐकण्याआधी तीन महिने माझ्या घराला पाठ होता. आम्ही तो हसायला वापरत होतो.

बुधवारी रजा टाकली. सकाळी भूपालकडे फोन केला तर तो हळदीच्या सौद्याला इरोडला गेलेला, शनिवारी येणार. बाकी कुणाला सांगायचा धीर झाला नाही. मिशनच्या आवारामागचं मास्तरांचं घर शोधून काढेपर्यंत दिवस कलला. दार सुधीरने उघडलं. या म्हणाला नाही.

"आता काय राहिलंय?" त्याने विचारलं.

मी सगळं सांगितलं, उंबऱ्याबाहेर उभा राहून. तो ऐकत होता, पण चेहरा हलला नाही. तेवढ्यात आतून मास्तर आले.

"पेठेसाहेब होय? या की आत. सुधीर, खुर्ची दे."

"मास्तर, उद्या शेवटचा खेळ आहे. मी न्यायला आलोय तुम्हाला."

"मला काय दाखवता? मी वाजवलंय ते." त्यांनी मुलाकडे मान केली. "याला दाखवा."

"पप्पा, हे दुसऱ्यांदा होईल," सुधीर म्हणाला.

"होऊ दे."

गुरुवारी आम्ही तिघं ओळीने बसलो. मधे मास्तर, त्याच धुतलेल्या कोटात. गाणं सुरू झालं तसं त्यांनी सुधीरच्या गुडघ्यावर हात ठेवला. पहिला अंतरा झाला. दुसरा अंतरा झाला. नाव वळायला लागली, आणि मास्तरांची उजव्या हाताची बोटं हलली.

पडद्यावर एक हिसका बसला. नायिका एकदम काठावर. हातात घागर, मागे नाव नाही, पाणी नाही, गाणं नाही. मागून कुणीतरी शिट्टी मारली. मास्तरांची बोटं तिथल्या तिथे थांबली.

मी उठलो आणि धावत वर प्रोजेक्टरच्या खोलीत गेलो. ऑपरेटर विडी ओढत बसला होता.

"काल रीळ तुटलं हो," तो म्हणाला. "लई जीर्ण प्रिंट आहे. किती जागी तुटलं. खराब झालं तेवढं कापलं आणि जोडलं. अडीच-तीन मिनिटं गेली असतील. कुणाला कळतंय?"

काल. म्हणजे बुधवारी. सोमवारी होता, मंगळवारी होता. मी फोन उचलला असता तर सगळं मंडळ येऊन ऐकून गेलं असतं.

"कापलेलं कुठाय?"

"झाडलं की सकाळी." मग माझं तोंड बघून त्याने कोपऱ्यातला एक डबा पायाने पुढे ढकलला. त्यात दीड-दोन वीत लांबीची एकच पट्टी राहिली होती. उजेडात धरली. नाव, त्यात ती, आणि चित्रांच्या काठाने एक बारीक नागमोडी रेघ.

खाली आलो तर ते दोघं बाहेर फुटपाथवर उभे होते. खेळ अर्धा टाकून आलेले. सुधीर घड्याळ बघत होता.

"सोमवारी होता," मी म्हणालो. "मी माझ्या कानांनी ऐकला. शपथ घेऊन सांगतो. मास्तरांनी वाजवला तसाच, अगदी तसाच."

"पप्पासुद्धा असंच म्हणाले होते," सुधीर म्हणाला. "तुम्ही नंबर मागितलात."

त्यानेच पुढे विचारलं, "सोमवारी ऐकलात, मग बुधवारी संध्याकाळी कसे आलात?"

"हरलो असतो," मी म्हणालो. "म्हणून आलो नाही."

मला वाटलं आता तो तोंडात मारेल. मारली असती तर बरं वाटलं असतं.

"जाऊ दे, सुधीर," मास्तर म्हणाले. ते फुटपाथच्या कट्ट्यावर टेकले होते. "यांची एकट्याची चूक नाही. आधी माझी आहे. त्या दिवशी काम झाल्यावर केंकरेसाहेबांनी आम्हा सगळ्यांना गोळा केलं होतं. म्हणाले, हे या भिंतीबाहेर जाता कामा नये. बागची बरा होऊन परत येईल, त्याला तुमच्यापुढे खाली बघायला लागू नये. आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं. कुणीतरी फोडलं असणार, पण मी नाही. बत्तीस वर्षं मी याच्या आईजवळ, याच्याजवळ, कुणाजवळ बोललो नाही. मगदुमांना पण आधी नाहीच म्हणालो होतो. मग वाटलं, दोघं साहेब आता राहिले नाहीत, चार जाणत्या माणसांत एकदा सांगावं. याच्या कानावर पडेल. याला वाटतं, बाप नुसत्या थापा मारतो."

"तसं नाही, पप्पा," सुधीर म्हणाला. पण ते तसंच होतं हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

"आणि बागची?" मला राहवलं नाही. "त्यांना कळलं का? ते काही बोलले?"

"तीन महिन्यांनी आले. पिक्चर बघितलं. काही बोलले नाहीत."

म्हणजे भूपालचंच खरं होतं.

"दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग होतं," मास्तर सांगत राहिले. "आले. त्यांची खुर्ची नेहमीच्या जागी मांडलेली. ती त्यांनी स्वतःच्या हातांनी उचलली, नेऊन भिंतीला लावली. आणि उभे राहून काम घेतलं. डॉक्टरांनी उभं राहायला बंदी केलेली. त्यानंतर दहा-बारा वर्षं मी त्यांच्याकडे वाजवलं, त्यांना रेकॉर्डिंगला बसलेलं बघितलं नाही. का, ते फक्त आम्हा वाजवणाऱ्यांना ठाऊक होतं. बागचीदांच्या कानावर गेलं तसं केंकरेसाहेबांनाही कळलं असणार. मुंबईत काय लपतं?" ते जरासे हसले. "ते दोघं एकमेकांशी असं बोलत होते, आणि तुम्ही त्यांच्यावरून भांडता."

तीस वर्षं मी बागचींचे ते फोटो जपून ठेवले होते. उभे असलेले. भूपालने त्यावर गर्व म्हटलं, मी तळमळ म्हटलं. दोघांनाही काडीचं कळलेलं नव्हतं.

मी खिशातली पट्टी काढून सुधीरपुढे धरली. "एवढंच सापडलं."

त्याने ती घेतली आणि उन्हात धरली. बराच वेळ बघत राहिला. "यात पप्पा आहेत?"

"असतील. ही काठाची नागमोडी रेघ दिसते ना, तो आवाज असतो."

"वाचता येते?"

"मला नाही येत," मी म्हणालो.

त्याने पट्टी हळूच गुंडाळून शर्टाच्या खिशात घातली आणि वर गुंडी लावली. मग बापाच्या दंडाला धरलं. "चला. घरी गेल्यावर तो तुकडा वाजवून दाखवा जरा. ड्युटीला वेळ आहे अजून." समोरच्या थांब्यावर मिरजेची बस लागलेली होती. दोघं चढले. मास्तरांनी खिडकीतून हात हलवला. सुधीरने माझ्याकडे बघितलं नाही.

रविवारी सगळे जमल्यावर मी उभा राहिलो आणि पहिल्यापासून सांगितलं. तिसरा अंतरा, तुटलेलं रीळ, ती खुर्ची, सगळं. मास्तरांनी इतकी वर्षं पाळलेलं गुपित मी चार माणसांत पुन्हा सांगत होतो, हेही मला कळत होतं. पण ज्या खोलीत त्यांना खोटं पाडलं त्याच खोलीत ते खरे ठरायला हवे होते. माझं बोलणं संपलं. मग आमच्याच बाजूने, बागचींच्या बाजूने, एकजण म्हणाला, "नंबर?"

"नंबर नाही," मी म्हणालो. "मी ऐकलंय."

"आम्हीपण ऐकलंय की, पेठे. तीस वर्षं."

हशा पिकला. मी भूपालकडे बघितलं. त्याने तरी विश्वास ठेवावा, त्याची तर ती लाडकी कथा होती. तो उठून माझ्याजवळ आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू म्हणाला, "मास्तरांसाठी बोलतोयस, कळतंय मला. चांगलं मन आहे तुझं. पण असं खोटं नको रे बोलू. तुला शोभत नाही."

"भूपाल, मी खोटं बोलत नाही."

"बरं, राहिलं. बस आता."

त्याने जाऊन तबकडी लावली. नावेचं गाणं. पहिला अंतरा झाला, दुसरा अंतरा झाला, आणि सुई आतल्या कडेला, त्या नंबराजवळ जाऊन खरखरायला लागली. सगळे आपापल्या खुर्च्यांत बसून माझ्याकडे बघत होते.

"अरे बस की, पेठे," भूपाल पुन्हा म्हणाला.

मी उभाच राहिलो.